ओळखीचा पाय

पसरणी घाटातल्या गाड्या आता रस्ता सोडत नसत, समोरच्याला धडकत नसत. ते सगळं त्यांचं त्या सांभाळत. तरीही चाक हातात धरायची हौस असलेली काही माणसं उरली होती, आणि पाचगणीचे निवृत्त भूगोलशिक्षक दिगंबर घारपुरे त्यांतलेच. दर गुरुवारी बायकोला शेजारी बसवून ते धुक्यातून वाईला उतरत, ढोल्या गणपतीला हात जोडत, मिसळ खात आणि परत वर येत. धुकं दाट असलं की पुढे रस्ता आहे की नुसतं आभाळ, तेही कळत नसे. कुमुदताईंना ते फार आवडायचं.

खंडेनवमीला त्यांनी गाडीला पाईपने न्हाऊ घातलं, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं घेऊन दोघं निघाले, तर समोर पिवळा दिवा. इंजिनाचं चित्र असलेला हा दिवा लागला की घरातल्या प्रत्येकाला अचानक मेकॅनिकी येऊ लागते.

“तुझं हळदकुंकू आत गेलं असणार,” दिगंबरराव म्हणाले.

“देवाचं केल्यानं बिघडतं होय? तुम्हीच टाकीचं झाकण सैल ठेवलं असेल.”

झाकण घट्ट केलं, हवेची जाळी काढून झटकली. जाळीतून चिमूटभर कुंकू निघालं खरं, पण दिवा काही जाईना. शेवटी दिगंबरराव दुपारचे आडवे झाल्यावर कुमुदताईंनी कोड वाचायचं काडेपेटीएवढं यंत्र स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवलं. फोनवर अक्षरं उमटली : ‘इंजिन ठीक. चालक जुळत नाही.’

त्यांनी पुण्याला भाचीला फोन लावला. ऋजुता इंजिनांवरच संशोधन करत होती.

“मावशी, तुमची गाडी उसाच्या इथेनॉलवर चालते ना? एक थेंब वाया जाऊ नये म्हणून इंजिन पाय पडायच्या आधीच इंधन तयार ठेवतं. त्यासाठी चालकाचा पाय त्याला पाठ असावा लागतो. कुठे दाबतो, कुठे सोडतो, वळणावर किती कचरतो. प्रत्येकाचं हस्ताक्षर निराळं तसा पायही निराळा. त्या पाठांतराला आम्ही चालकछाप म्हणतो. पाय छापेशी जुळला नाही की इंधन नीट जळत नाही आणि दिवा लागतो. जुळला की आपोआप जातो.”

“अगं, पण गाडी तर हेच चालवतात.”

ऋजुताने हळूच विचारलं, “काकांचा कंपवात पायात उतरलाय का?”

श्रावणात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दिगंबरराव हसले होते. “शेजाऱ्यांना कळलं, दुधवाल्याला कळलं. फक्त गाडीला ठाऊक नाही,” ते म्हणाले होते. त्यांच्या हातातला चहा हिंदकळायचा, शर्टाची बटणं आता कुमुदताई लावायच्या. पण चाकामागे बसले की ते पूर्वीचे होत. तेवढी एकच जागा त्यांना उरली होती, आणि आता गाडीनेही त्यांना परकं म्हटलं होतं. हे त्यांना कळू द्यायचं नाही, एवढंच कुमुदताईंनी ठरवलं.

“दिवा घालवता येईल?”

“येईल. जुनी छाप पुसायची. मग गाडी आताचा पाय शिकेल आणि पुढे जसजसा बदलेल तसतशी तीही बदलेल. पण मावशी, पुसलेली छाप परत येत नाही. आताचे काका हेच तिला खरे वाटतील.”

फोनवर प्रश्न आला : ‘पुसू का?’ कुमुदताईंनी एकदा घराकडे पाहिलं आणि ‘हो’वर बोट ठेवलं.

“कुंकूच होतं हो,” संध्याकाळी त्यांनी सांगितलं. दिगंबरराव जिंकल्यासारखे हसले.

थंडी सरत आली. पाय जड होत गेला, हिसके बसू लागले, तरी गाडी बिनतक्रार त्याला सांभाळून घेत राहिली. मग माघातल्या एका गुरुवारी, औषधाचा गुण म्हणा की देवाची कृपा, दिगंबरराव घाट उतरू लागले आणि कुमुदताईंना काहीतरी वेगळं जाणवलं. गाडी हिसके देत नव्हती. प्रत्येक वळण ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी घ्यायचे तसं अलगद घेत होते. धुक्यातून खाली दरी उलगडत होती आणि ते बोटांनी चाकावर ताल धरून गुणगुणत होते. कुमुदताईंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात पिवळा दिवा लागला.

“पुन्हा कुंकू?” दिगंबररावांनी गाडी कडेला घेतली, स्वतः उतरले, पाय न ओढता मागे गेले आणि झाकण घट्ट करून परत आले. दिवा तसाच होता.

“राहू दे हो,” कुमुदताई म्हणाल्या. “चांगला दिसतोय.”

त्यांनी पदराआड हात जोडले. आयुष्यभर त्यांनी देवाकडे मुलंबाळं, पाऊसपाणी, बरंवाईट सगळं मागितलं होतं. आज त्या एवढंच मागत होत्या, की हा बिघाड वाईपर्यंत तरी टिकू दे.

घाट संपता संपता गाडीला एक हिसका बसला, मग आणखी एक. चाकावरचा ताल थांबला. दिवा आपोआप विझला.

“बघ, गेला!” दिगंबरराव आनंदाने म्हणाले. “झाकणच होतं.”

“हो, झाकणच,” कुमुदताई म्हणाल्या आणि त्यांचा थरथरता हात त्यांनी हातात घेतला.