पाठ नसलेले बाक

त्या चर्चमधल्या बायकांच्या बाकांना पाठ नाही. कडक इस्त्रीच्या झालरी आणि फिती टेकल्या की चुरगळतात, म्हणून इथल्या सॅक्सन, म्हणजे मूळच्या जर्मन, बायकांनी शेकडो वर्षं ताठ बसूनच प्रवचनं ऐकली. मला ते बाक आवडायचे, कारण पाठ नसली की फोटो काढणं सोपं जातं.

माझं कामच ते. जुनी इमारत आतून-बाहेरून टिपायची, एक फोटो दुसऱ्यावर निम्मा चढेल अशा बेताने. मग संगणक त्या फोटोंमधून ठिपक्याठिपक्यांची हुबेहूब इमारत उभी करतो आणि भिंत कुठे झुकली, कमान कुठे बसली ते केसभराच्या फरकाने सांगतो. दरवर्षी मोजायचं, गेल्या वर्षीच्या मॉडेलवर यंदाचं ठेवायचं. हललेलं लाल दिसतं, न हललेलं हिरवं. यात भावनेला वाव नाही, म्हणून तर मी या धंद्यात आले.

किल्ली रोझिना तांतींकडे असायची; तांती म्हणजे इथली मावशी. गावातले बाकीचे सॅक्सन नव्वद साली, एका उन्हाळ्यात, जर्मनीला निघून गेले. या एकट्याच राहिल्या. उजवा गुडघा कामातून गेलेला, सगळा भार डाव्या पायावर. मला पाहिलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"आलीस का स्मारांदा? आधी खा बाई. तुझी हाडं बघून छत आपणहून खाली येईल."

मग चर्चच्या बुरुजात टांगलेल्या डुकराच्या खारवलेल्या चरबीचा काप, कांदा आणि पाव. नको म्हणायची सोय नव्हती.

छताला तडे गेले होते म्हणून जुन्या इमारती जपणाऱ्या एका संस्थेने मला नेमलं होतं. दुसऱ्या वर्षी मॉडेल जुळवलं तर छत हिरवंगार. लाल दिसत होते ते बाक, आणि तेही सगळे नाहीत. माणूस बसेल एवढाच एकेक गोल, इथे एक, तिथे दोन, आणि त्याखालची फळ्यांची जमीनही जराशी दबलेली. दारावरच्या पुरुषांच्या गॅलरीत तेच. तिथली तुळईसुद्धा वाकली होती.

चूक माझीच असणार, असं मी धरलं. मोजणीसाठी भिंतींवर लावलेले खुणेचे कागद काढून नव्या जागी चिकटवले, सगळं पुन्हा टिपलं. गोल जिथल्या तिथे. ओलीमुळे म्हणावं, तर ओल काही जागा बघून बसत नाही. मी त्यातल्या एका गोलावर बसून पाहिलं. लाकूड गार होतं, बाकीच्या लाकडासारखंच. उठताना मी "माफ करा" म्हणाले, आणि मग स्वतःवरच चिडले.

तांतींना लॅपटॉप दाखवला तो हसवायला. त्यांनी चष्मा चढवला.

"हा एर्न्स्ट ग्युंडिश. फेब्रुवारीत वारला, तिकडे जर्मनीत, न्यूरेंबर्गला. ही माझी चुलत बहीण हेरमीने, इस्टरच्या आधी." बोट पडद्यावरून सरकत राहिलं. "आणि हा मेला सायमन. अजून दोघांची जागा अडवून बसतोय."

"तांती, त्यांना तिकडेच पुरलंय ना?"

"पुरलंय तिकडेच. पण बसायची जागा इथली. रविवारी मी घंटा वाजवते, दार सताड उघडते आणि थोडा वेळ उभी राहते. दार लावलेलं असलं तर कसे येणार बिचारे?"

"आणि तुमची जागा?"

"तिसरा बाक, कडेची. हिरवी आहे ना?"

हिरवी होती.

"मग अजून आहे म्हणायची मी," तांती हसल्या. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या वर्षी गोल दुपटीने वाढले. आमचा इंजिनिअर ओविदियू गॅलरीखाली उभा राहून तुळईकडे बघत राहिला.

"वर काय साठवलंय गं? धान्य?"

वर धूळ होती. त्याच्या हिशोबाने गॅलरी भरगच्च रविवारचं वजन पेलत होती आणि लवकरच पडणार होती. आकडे माझे होते. चर्च बंद करायच्या अहवालावर मी सही केली. नसती केली तर दर रविवारी त्याच गॅलरीखाली उभ्या राहणाऱ्या तांती तिच्याखालीच गेल्या असत्या.

चर्च बंद झालं. गॅलरीला टेकू दिले ते दाराला आतून अगदी चिकटून. ते काढल्याशिवाय दार उघडत नाही आणि काढले तर गॅलरी खाली येते. कामगार मागच्या खिडकीतून बाहेर पडले आणि तीही त्यांनी विटांनी चिणली.

तांती दाराबाहेरच्या पायरीवर उभ्या होत्या.

"मी सगळ्यांना दार उघडलं, स्मारांदा. मला कोण उघडणार?"

"तुम्ही शहरात, सिबिऊला चला. तिथल्या वृद्धाश्रमात ऊब आहे, डॉक्टर आहेत."

"मी ते विचारलं नाही, पोरी."

हिवाळ्याआधी मी त्यांना तिथे नेऊन सोडलं.

जानेवारीत त्या तिथेच वारल्या. गावचा रस्ता बर्फाने बंद होता, म्हणून शहरातच पुरलं. मी खूप रडले. माझ्या आईच्या वेळीही इतकी रडले नव्हते.

वसंतात मी पुन्हा मोजायला गेले. आत जाता येत नव्हतं, म्हणून फक्त बाहेरून. भिंती हिरव्या आल्या. बुरुज हिरवा.

दाराबाहेरची पायरी लाल.

आधी वाटलं, बर्फाने दगड सुटला असेल. मी चित्र मोठं केलं.

दोन लांबट डाग होते, शेजारी शेजारी. टाचा रस्त्याकडे. बोटं दाराकडे.

मी ओविदियूला फोन केला. टेकू काढता येतील का, एकदाच, थोड्या वेळासाठी?

"डोकं फिरलंय का तुझं? सगळं खाली येईल. आणि कुणासाठी उघडायचंय?"

मी फोन ठेवला.

जूनमध्ये पायरी परत मोजली. उजवा डाग होता तेवढाच आहे. डावा आणखी खोल गेलाय.