मास्तरचं कुलूप

मोबाइल खाली ठेवा रे. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या मावसभावाची आहे. मी त्याला दादा म्हणायचो.

शहराबाहेरच्या गॅसवरच्या वीजकेंद्रात तो ऑपरेटर होता. विजेची मागणी वाढली की दहा मिनिटांत यंत्र चालू करायचं, एरवी नुसती राखण. वर्षातले तीनशे दिवस वीजकेंद्रच अंधारात! सोबतीला दुसरा ऑपरेटर होता, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. वीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले. मास्तर आजारपणात गेला, त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. दादा सडाफटिंग, घरीही एकटा, तिथेही एकटा. "ये ना एकदा, गप्पा मारू," म्हणायचा. मी आज-उद्या करत राहिलो. त्याची टोचणी अजून आहे.

शेवटी वीस मेला गेलो, तेही त्याचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायचा होता म्हणून. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मी आत शिरतोय तोच फोन आला, यंत्र चालू करा. दादा गॅसच्या व्हॉल्व्हपाशी गेला आणि थबकला.

व्हॉल्व्हला कुलूप होतं.

तिथला नियमच तसा. यंत्राच्या खोलीत उतरणाऱ्यानं व्हॉल्व्हला आपलं कुलूप घालायचं, म्हणजे बाहेरचा कुणी गॅस सोडणार नाही. आणि ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. या कुलपावर लाल चिकटपट्टी होती. मास्तरची खूण.

"कुणीतरी चेष्टा केली असेल," मी म्हणालो. "तोडून टाक. नोकरी जाईल तुझी."

"आत माणूस असताना?"

त्यानं यंत्राच्या खोलीच्या लोखंडी दारावर थाप मारली. "मास्तर?"

...

आतून पान्याचे तीन ठोके आले.

मी दारापासून मागे सरलो. दादा मात्र हसला. मास्तर गेल्यापासून त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं रे.

"थांब म्हणतोय. तू जरा फोन घे."

"दादा, नको..."

फोन पुन्हा वाजत होता. उचलला. "दोन मिनिटं," एवढंच बोललो. वळलो.

दादा नव्हता.

दार उघडं. आत दिवा चालू. टीचभर खोली, दुसरं दार नाही.

"दादा?"

...

चार वर्षं झाली. पोलिसांनी सगळं पालथं घातलं. चष्मा माझ्याच कपाटात आहे.

व्हॉल्व्ह मी तेव्हाच पाहिला होता. लाल पट्टीच्या कुलपाला खेटून दुसरं कुलूप लावलेलं होतं. दादाचं.