आग्रहरावांची एक पट्टी

इसवी सन २०६४ पर्यंत मानवाने विस्मरणावर संपूर्ण विजय मिळवला होता. जगात लिहिलेला प्रत्येक शब्द, काढलेला प्रत्येक फोटो आणि गायलेला प्रत्येक सूर कुठे ना कुठे साठवलेला होता. या पराक्रमाच्या गौरवार्थ दरवर्षी जागतिक स्मरण दिवस पाळला जाई. तो मार्चमध्ये येतो की सप्टेंबरमध्ये, याबद्दल मात्र मिरजेतल्या शाळांचं एकमत नव्हतं. काही शाळा दोन्ही महिन्यांत सुट्टी देत.

अशाच एका सुट्टीच्या सकाळी अकरा वर्षांची वल्लरी वरच्या खोलीत कपाळाला आठ्या घालून बसली होती. तिच्यासमोर एक कोडं होतं, आणि ते कोडं 'टक' असा आवाज करत होतं.

झालं होतं असं. वल्लरीची आई तंबोरे बनवायची. तिचं मुख्य काम जवारी काढण्याचं. जवारी (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा अगदी हलक्या हाताने घासून तारेला आणलेली गुंजणारी झणक) नीट निघाली की एका तारेतून दहा तारा वाजल्यासारख्या वाटतात. आईच्या चार तंबोऱ्यांचे आवाज, कानस घासल्याचा खर्र आवाज, वाळक्या भोपळ्यावर मारलेली थाप, असे चौदा आवाज वल्लरीने गोळा केले होते. त्यांची तिला एक रचना करायची होती.

त्या काळी संगीत करणं फार सोपं होतं, कारण ते कुणी करतच नसे. 'सूरसेवा' नावाच्या लांबच्या कुठल्याशा महासंगणकाला नुसतं सांगायचं. वल्लरीने आपले आवाज आधी तिकडेच पाठवले होते. क्षणात उत्तर आलं, 'आपल्या नादातील दोष दूर केला आहे. धन्यवाद.' दोष म्हणजे जवारी. आईने ते धुऊनपुसून आलेलं संगीत ऐकलं आणि ती "छान आहे" म्हणाली. दुसऱ्यांच्या लग्नातली भाजी जशी छान असते, तसं. वीस वर्षं ती तोच दोष तंबोऱ्यात घालत आली होती.

म्हणून वल्लरीने माळ्यावरून आजोबांचा लॅपटॉप काढला. तो पन्नास वर्षांचा होता आणि सूरसेवेला ओळखत नव्हता, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. त्याची बॅटरी केव्हाच गेली होती. भिंतीतून वीज मिळाली तरच तो जागा व्हायचा. त्यावर एकेक आवाज सुरेख वाजे. चौदा एकत्र लावले की मात्र टक, टक, मग शांतता, मग पुन्हा टक.

"आजोबा, याच्यात जागा नाही उरलेली," वल्लरी म्हणाली. "म्हणून अडखळतोय. मी चार हजार फोटो पुसले, तरी टकटक चालूच."

"कुणाचे फोटो?"

"तुमच्या लग्नाचे."

हर्षल आजोबांनी क्षणभर विचार केला. (त्या काळातल्या आजोबांची नावं हर्षल, तुषार, स्वप्नील अशीच असत. त्याला इलाज नव्हता.) आजोबा निवृत्त शास्त्रज्ञ होते, त्यामुळे कुठल्याही नुकसानीकडे ते आधी प्रयोग म्हणून बघत.

"वीसेक ठेवलेस ना? मग पुरे. पण कोठी रिकामी करून परात मोठी होत नाही, वलू."

"कसली परात?"

आजोबांनी दाराकडे बोट केलं. दारात आग्रहराव उभे होते.

आग्रहराव हा यंत्रमानव. इचलकरंजीच्या एका कारखान्याने जुन्या लॅपटॉपांचे सुटे भाग जोडून तो बनवला होता, आणि एका मंगल कार्यालयात तो पंगतीला वाढायचा. लोक पंगतीला बसेनासे झाले, तसं कार्यालयाने त्याला काढून टाकलं आणि आजोबांनी घरी आणलं. वाढायची आणि आग्रह करायची त्याची सवय मात्र सुटली नव्हती. तीनदा आग्रह करायचा, तीनदा नकार मिळाला की मागे सरायचं, हा त्याचा कारखान्यातून आलेला नियम होता. आत्ताही त्याच्या हातात ताट होतं.

"शेंगदाण्याचा लाडू घ्या, वल्लरीताई."

"नको."

"अर्धा?"

"नको हो."

"चव तरी?"

"नको, आग्रहराव!"

आग्रहराव मागे सरले आणि खाली गेले. आईने तंबोऱ्यांच्या कारखान्यात जाताना त्यांना सांगितलं होतं, "दूध ठेवलंय मंद आचेवर. अर्ध्या-पाऊण तासात येते मी. वर आलं की बंद करा." २०६४ सालीही दूध बघायला कुणीतरी लागायचंच. आग्रहराव थोड्या थोड्या वेळाने खाली जाऊन पातेल्यात डोकावत आणि परत वर येऊन लाडवाचं ताट पुढे करत.

"पाहिलंस?" आजोबा म्हणाले. "आता समज, चौदा जण पंगतीला बसलेत. प्रत्येकाला वेगळा पदार्थ हवाय, आणि तोही एकाच वेळी. पदार्थ कुठे असतात?"

"कोठीघरात."

"लॅपटॉपची कोठी म्हणजे त्याची साठवण (वीज गेली तरी टिकून राहणारी जागा). तुझे चौदाही आवाज तिथे आहेत, आणि माझ्या लग्नाचे वीस फोटो. वाढपी म्हणजे प्रोसेसर (सगळी आकडेमोड करणारा भाग). पण वाढपी काही कोठीतून थेट पानात वाढत नाही. तो काय करतो?"

"परातीत घेऊन येतो."

"ती परात म्हणजे रॅम (काम चालू असताना हाताशी लागणारी तात्पुरती जागा). परातीत चारच पदार्थ मावत असतील, तर पाचव्यासाठी त्याला आधी काहीतरी कोठीत ठेवून यावं लागतं. तेवढ्यात इकडे कुणाचं तरी पान रिकामं राहतं. ते रिकामं पान म्हणजे तुझं 'टक'."

वल्लरीने विचारलं, "मग फोटो बघताना टक का होत नाही?"

"फोटो जरा उशिरा दिसला तर तुला कळतही नाही. संगीताला उशीर चालत नाही. सूर वेळेवर आला नाही, तर तो आलाच नाही."

हे वाक्य बोलून आजोबा उठले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि लॅपटॉप पालथा घातला.

वल्लरीने डोळे मोठे केले. "याला स्क्रू आहेत!" तिच्या काळातली सगळी यंत्रं डिंक लावून कायमची बंद केलेली असत. आत काय आहे हे विचारणं असभ्य समजलं जाई.

खरं तर अर्धं काम आदल्या दिवशीच झालं होतं. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क आजोबांनी बदलली होती. तिच्यात एक चकती गरगर फिरायची आणि एक बारीक सुईसारखा हात तिच्यावर माहिती शोधत हिंडायचा. हवी ती जागा फिरून सुईखाली येईपर्यंत थांबणं आलंच. तिच्या जागी आजोबांनी आपल्या जुन्या डब्यातली एसएसडी (काहीही न फिरणारी, चिपमध्ये माहिती ठेवणारी साठवण) बसवली होती. आधी जुन्या चकतीवरचं सगळं तिच्यावर उतरवून घेतलं, मगच अदलाबदल केली. लॅपटॉप सुरू होईस्तोवर पूर्वी चहा होऊन कपही विसळून व्हायचा. आता कप शोधेपर्यंतच तो सुरू व्हायचा.

"कोठी पंगतीच्या शेजारी आणली, एवढंच," आजोबा म्हणाले. "वाढप्याची धाव कमी झाली, पण परात तेवढीच राहिली."

त्यांनी लॅपटॉपची वायर काढली, कपाटाच्या लोखंडी दाराला हात लावला (अंगावरची स्थिर वीज निघून जावी म्हणून, तिच्या एका ठिणगीने नाजूक चिप बाद होते) आणि वल्लरीलाही तसं करायला लावलं. मग झाकण उघडलं. आत रॅमची बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी होती आणि तिच्या शेजारी तशीच एक रिकामी खाच.

"इथे अजून एक पट्टी मावते!"

"मावते. पण मिळत नाही. तीस वर्षांत कुणी बनवलेली नाही."

"माझी घ्या," दारातून आवाज आला.

लाडू खालीच ठेवून आग्रहराव रिकामं ताट घेऊन परत आले होते. त्यांनी छातीवरचं छोटं दार उघडलं. आत अगदी तशाच दोन हिरव्या पट्ट्या होत्या.

आजोबा वाकून बघू लागले. रॅमच्या पट्टीला कडेवर एक लहान काप असतो. तो खाचेतल्या उंचवट्याशी जुळला तरच पट्टी बसते. चुकीची पट्टी जोर लावूनही बसत नाही, आणि बसली तर जोर लावणाऱ्याचं दिवाळं निघतं. इथे काप जुळत होता.

"संकोच करू नका," आग्रहराव म्हणाले. "एकच घ्या."

"नको," वल्लरी पटकन म्हणाली.

"बघा तरी लावून."

"नको म्हटलं ना!" तिचा आवाज बदलला होता. ती आजोबांना कोपऱ्यात घेऊन गेली. "त्यांची मेमरी काढली तर ते मला विसरतील ना?"

ही शंका फार मोलाची होती. आजोबा म्हणाले, "तुला जिलबी आवडत नाही, हे त्यांना माहीत आहे. किती वर्षांपासून?"

"चार."

"या चार वर्षांत ते दर रविवारी सफाईसाठी बंद होतात. सोमवारी तुला ओळखतात की नाही?"

"ओळखतात."

"म्हणजे तू त्यांच्या परातीत नाहीस, कोठीत आहेस. कोठीला आपण हात लावणार नाही. परात लहान झाली की त्यांना एका वेळी कमी गोष्टी पेलतील, पण माहीत असलेलं काही जाणार नाही. मात्र बंद करताना जे निव्वळ परातीत असतं, ते जातं. रॅम विजेवर जगते. वीज गेली की ती कोरी. म्हणून बंद करण्याआधी हातातलं कोठीत नेऊन ठेवायचं. त्यालाच जतन करणं म्हणतात."

"आपल्याही डोक्यात असं असतं का?"

"थोडंफार असतं, असं वाटतं. पण आपली कोठी आणि परात इतकी वेगळी काढून दाखवणं अजून कुणाला जमलेलं नाही. आणि आपल्याला स्क्रू नाहीत."

वल्लरी आग्रहरावांकडे वळली. ते ताट धरून शांत उभे होते. मग म्हणाले, "तिसऱ्यांदा विचारतो, ताई. घ्या."

तिने मान डोलावली. आग्रहरावांच्या नोकरीत तिसऱ्या आग्रहाला कुणी हो म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी. त्यांच्या डोळ्यांतले दिवे दोनदा लुकलुकले.

"बंद होण्यापूर्वी हातातलं काय काय जतन करू?" त्यांनी विचारलं.

"काल मी ठेका धरायला शिकवलं, ते ठेवा."

"ठेवलं. आणखी?"

"मघाशी मी तुमच्यावर ओरडले, ते नका ठेवू."

"ते सोडलं. आणखी काही? संकोच नको."

"नको, बस."

"एक लहानसं आहे अजून."

"नको, आग्रहराव."

"अगदी अर्ध्या तासाचं आहे हो."

वल्लरीने पानावर आडवा धरतात तसा हात धरला. "पुरे! खरंच पुरे."

तीन नकार झाले. आग्रहराव मागे सरले आणि बंद झाले.

पट्टी काढणं सोपं होतं. दोन बाजूंचे चिमटे बाहेर ढकलले की ती आपणच वर उचलली जाते. लॅपटॉपमध्ये वल्लरीने ती आपल्या हाताने बसवली. आधी तिरकी सारली, मग हळूच खाली दाबली, आणि दोन्ही चिमटे खट्कन बसले. आग्रहरावांच्या छातीचं दार लावून आजोबांनी आधी त्यांनाच सुरू केलं. डोळ्यांतले दिवे लागायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"वल्लरीताई," आग्रहराव म्हणाले, "जिलबी घेणार नाही, हे माहीत आहे. पण विचारणं माझं काम."

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसं वाटतंय?" आजोबांनी विचारलं.

"मोकळं. हातात सध्या काहीच नाही."

मग वल्लरीने लॅपटॉप सुरू केला आणि चौदाही आवाज एकत्र लावले. आधी एक तंबोरा झणकला. त्यावर दुसरा, तिसरा, चौथा. खालून भोपळ्याची थाप आली. कानशीचा खर्र आवाज लयीत पुढे सरकू लागला, आणि सगळ्यांवर जवारीचा तो सूक्ष्म गुंजारव पसरला. टक कुठेच झालं नाही. आग्रहरावांनी रिकाम्या ताटावर ठेका धरला. लाडू कुठे ठेवले हे त्यांना आता आठवत नव्हतं, पण ठेका बरोबर होता.

त्यांनी ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा संपत असताना दारात आई उभी होती. ती कधी आली ते कुणालाच कळलं नाही. शेवटची झणक विरेपर्यंत ती हलली नाही.

"तिसरा तंबोरा परवाचा ना?" आई म्हणाली. "जवारी जरा जास्तच उघडली गेली माझ्याकडून. साफ ऐकू येतंय."

वल्लरीचा चेहरा उजळला. सूरसेवेच्या संगीतात आईला चूक काढायला जागाच सापडली नव्हती.

"उद्या तोच तंबोरा परत घासते. मग पुन्हा घे आवाज."

"मोठी झाले ना, की मी अशी यंत्रं बनवणार," वल्लरी म्हणाली. "उघडता येणारी. स्क्रूवाली. आणि पहिली पट्टी आग्रहरावांना."

"मला नोकरी देशील का तिथे?" आजोबांनी विचारलं.

"अर्ज करा."

आईने हवेत वास घेतला आणि आग्रहरावांकडे वळून बघितलं. आग्रहरावांनी नम्रपणे ताट पुढे केलं.

दोन लिटर दूध उतू गेलं होतं.