मांगरातला प्लास्टिकचा राखणदार

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. वेंगुर्ल्याच्या जेटीवर ही गोष्ट सांगितली, तेव्हा टोपलीतला एक खेकडा हसून हसून उताणा पडला होता! पण घडलं ते अगदी असंच घडलं. शब्दन् शब्द खरा.

मे महिना संपत आला होता. होड्या किनाऱ्यावर ओढून झाल्या होत्या. जाळी पावसाळ्यापुरती मांगरात, म्हणजे चिऱ्याच्या जुन्या कोठारात, नेऊन टाकली होती. आणि त्या मांगरातच, जाळ्यांच्या ढिगामागे, तीन डोकी एका खोक्यावर वाकली होती.

"कोणी शिंकू नका! डोळा बसवतोय!" मितेश ओरडला.

मितेश पुण्याचा. सुट्टीत मामाकडे आलेला, आणि येताना रोबोटच्या मॉडेलचं हे भलंमोठं खोकं घेऊन आलेला. त्याच्या दोन मामेबहिणी, तेजस्वी आणि धाकटी रसिका, इथल्याच. घरी पंखा लावला की बारीक तुकडे उडायचे, बंद केला की हे तिघं उकडून निघायचे. मांगरात मात्र गारवा होता. कोणाला न विचारता शिरायला तेवढं कारण पुरे होतं!

प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक तुकडा नेलकटरने अलगद कापायचा, कापल्या जागेवरची खरखर कानशीने घासायची आणि सांध्यात दाबायचा. कट्! गुडघा बसला. कट्! खांदा बसला. हातभर उंचीचा रोबोट उभा राहिला. एक पाय पुढे, छाती ताठ, मुठीत लांब भाला.

"ह्यो मेलो रोबोट काय खांबो?" तेजस्वी म्हणाली. "गुडघो वाकव जरा त्याचो. माणसासारखो दिसांदे!"

"ही लढाईची पोझ आहे, ताई! तुला नाही कळायचं!"

तेवढ्यात धाड्! दार लागलं. कडी सरकली. कुलूप खट्कन बसलं. बाहेर कोणीतरी खोकलं आणि पावलं लांब गेली.

तो धोंडू होता, जाळ्यांचा मालक. दुसरा कोण असणार? कानात इयरफोन खुपसलेले, आत बघायची तसदी नाही. असा निष्काळजी माणूस उभ्या तालुक्यात सापडायचा नाही!

"काकानू! आमी आत आसंव!" तिघांनी दारावर मुठी आपटल्या. पण दार जाड सागवानी. फोन घरी चार्जिंगला लावलेला. आणि पलीकडच्या मैदानावर क्रिकेटचे सामने चाललेले, लाऊडस्पीकरवर गुरुदासची कॉमेंट्री.

"ह्या दार आता नारळी पुनवेक उघाडतला," तेजस्वी हळूच म्हणाली.

"नारळी पुनवेक?" रसिकाचे डोळे विस्फारले. "मी दुपारचा काय खांव?"

"गप गो! सांजेक घरची शोधूक येतलीच."

आणि तेवढ्यात ढिगातून आवाज आला. फुस्स्स!

तिघंही एकमेकांना चिकटली. पुन्हा, फुस्स्स! जाळ्यांचा ढीग श्वास घेत होता!

तेजस्वीने धीर करून वरचं जाळं ओढलं. आत ताटाएवढं एक समुद्री कासव होतं. मानेला दोऱ्याचे पीळ, पुढचा एक पंख करकचून आवळलेला. घाईघाईत जाळं न झाडता कोणीतरी तसंच गुंडाळून टाकलं होतं.

"जाळ्यात कासव गावला तर तेका कुंकू लावून दर्यात सोडतत," तेजस्वी रागाने म्हणाली. "हेंनी बघूकच नाय!"

मितेशने नेलकटर पुढे केलं.

"जाळा कापलंस तर काका आमका कापतीत!" रसिका म्हणाली.

"कापूदे!" तेजस्वी म्हणाली आणि पहिला दोरा तुटला.

पीळ सुटले, पण कासव हललं नाही. बाटलीतलं पाणी सदऱ्यावर ओतून मितेशने तो ओला सदरा त्याच्या पाठीवर पसरला. कासवाने एक डोळा उघडला आणि परत मिटला. पुढचा श्वास यायला फार वेळ लागला.

"ता सांजेपर्यंत टिकाचा नाय," तेजस्वी म्हणाली. "तेका आत्ताच्या आत्ता पाणी व्हया. खाराट पाणी!"

मग तिघांनी जीव खाऊन आरोळ्या ठोकल्या. "वाचवा! वाचवा!"

लाऊडस्पीकर गरजला, "मांगराच्या बाजूचे प्रेक्षक लय जोशात आसत! जोरदार टाळ्यो!"

मितेश रडवेला झाला. "इथे कोणाला ऐकूच येत नाही का?"

रसिकाने डोकं खाजवलं. "ऐकतले. गाऱ्हाणा घालूया!"

"म्हणजे?"

"देवाक हाक मारून सांगणा. गाऱ्हाणा कानार पडला की 'व्हय म्हाराजा' म्हणूकच लागता. तोंड आपसूक उघाडता!"

गुरुदास पाणी प्यायला थांबला, तोच क्षण साधून रसिकाने दाराच्या फटीला तोंड लावलं आणि देवळात आजोबा घालतात त्याच सुरात हाक दिली. "बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं मैदान गरजलं! गोलंदाज धावता धावता थांबला, फलंदाजाने बॅट काखेत मारून हात जोडले.

"आमी तीन पोरां नि एक कासव हय अडाकलंव म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"कुलूप उघडा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

आणि कोणीही जागचं हललं नाही!

"अहो, नुसतं हो काय म्हणताय? या ना!" मितेश किंचाळला. पण तोवर माणसं इकडेतिकडे बघायला लागली होती. आवाज नक्की कुठून येतोय? वाऱ्यावर काही कळेना.

"आमी हय आसंव ता दाखवूक व्हया," तेजस्वी म्हणाली. दाराच्या वर, छपराखाली एक झरोका होता. एवढा उंच की हात पोचेना, आणि जाळ्यांवर चढलं की पाय आतच रुतत. कोपऱ्यात होडीचं एक वल्हं मात्र उभं होतं. मितेशने वल्ह्याच्या टोकाला रोबोटचे पाय नायलॉनच्या दोऱ्याने बांधले आणि त्याला झरोक्यात उभं केलं. एक पाय पुढे, छाती ताठ, भाला वर. छातीवरचे चंदेरी स्टिकर उन्हात लखलखले.

मैदानावर मासे विकणाऱ्या राधाबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं. "अगो बाय माझे! राखणदार! गाव राखणारो देव! हातात काठी बघा! चपला काढा मेल्यांनो!"

पटापट चपला निघाल्या. आणि सगळी माणसं हात जोडून मागे, मागे, माडांपर्यंत सरकली!

"लांब चलले!" फटीला डोळा लावलेली तेजस्वी ओरडली. "मितेश, तुझी पोझ बघून घाबारले!"

गुरुदासने तर माईकवरच गाऱ्हाणं सुरू केलं. "आमचा काय चुकला आसात तर माफ कर म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" आतून रसिका म्हणाली.

"तू गप गो!"

त्या गोंगाटात पोरांचा आवाज पार बुडाला. ढिगाजवळ कासव निपचित पडलं होतं. मितेशने वल्हं खाली घेतलं. लढाईची पोझ त्याने आठवडाभर मनात रंगवली होती. त्याने भाला उपटून फेकला.

"मूठ काढ," तेजस्वी म्हणाली. "उघडो हात लाव."

खोक्यात उघड्या पंजाचा जादा हात होता. मितेशने तो दाबला, आणि तो निसटून जाळ्यात पडला! तिघंही गुडघ्यांवर. जाळं म्हणजे नुसती भोकं, आणि पंजा नखाएवढा!

"गावलो!" रसिकाने बोटांत धरून वर केला.

कट्! पंजा बसला. मनगट खाली वळवलं. कोपर सरळ केलं. गुडघा वाकवला. मान झुकवली. आता रोबोट लढत नव्हता, खाली दाराकडे हात करून कोणाला तरी विनवत होता. वल्हं हळूच वर गेलं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं.

बाहेर गुरुदासचं गाऱ्हाणं अर्ध्यावरच थांबलं.

"दार दाखवता," राधाबाई पुटपुटल्या. मग खणखणीत ओरडल्या, "राखणदार दार दाखवता रे! चला!"

सगळ्यात पुढे कोण धावलं असेल? महादूआजोबा! वाडीतला सगळ्यात तल्लख माणूस! नजर घारीची, छाती दरवाजाएवढी, या वयातही चाल हरणाची. त्यांनी एक चिरा उचलला, एकच घाव घातला आणि कुलपाचे दोन तुकडे केले!

दार उघडलं. आत राखणदार नव्हता. घामाने निथळणारी तीन पोरं होती आणि त्यांच्या मांडीवर एक कासव.

"बाजूक व्हा!" तेजस्वी ओरडली, आणि गाव बाजूला झालं.

गुडघाभर पाण्यात तिघांनी कासवाला खाली ठेवलं. ते तसंच राहिलं. एक लाट आली, गेली. दुसरी आली. आणि पंख हलला! एकदा, दोनदा, आणि कासव हिरव्या पाण्यात दिसेनासं झालं.

राधाबाईंनी तिघांवरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "शाणी माझी पोरां!" गुरुदासने लाऊडस्पीकरवरून जाहीर केलं, "आजचे सामनावीर तीन! आणि जाळा न झाडणाऱ्यांनी, आत न बघता कुलूप घालणाऱ्यांनी माना खाली घालूच्यो!" सगळ्या मोठ्यांनी माना खाली घातल्या.

आणि तेवढ्यात, ऐका हं, झरोक्यातल्या रोबोटने आपणहून हात कपाळाला लावून समुद्राकडे सलाम ठोकला! लांब पाण्यातून कासवानेही एक पंख वर—

"महादूआजोबानू, थांबा!" ऐकायला बसलेल्यांतून रसिका उठून उभी राहिली. "रोबोटान सलाम केल्यान, चलात. कासवान पंख वर केल्यान, ताय चलात. पण कुलूप तुमी फोडलात खंय? चावयेन उघाडलात! चावी तुमच्याच खिशात होती! धोंडूकाको त्या दिवशी सावंतवाडीक लग्नाक गेललो!"