सुमंतचं जुनं जॅकेट

दिवा जरा इकडे सरकवा. तुम्हाला घाबरवायला नव्हे हो, मला तुमचे चेहरे दिसायला हवेत. थाप मारताना समोरचा चेहरा वाचता यावा लागतो, आणि मी थापाड्या आहे हे ईडन प्रेरीपासून थेट सेंट पॉलपर्यंतच्या मराठी मंडळींना ठाऊक आहे. बर्फात रुतलेली गाडी साजूक तूप ओतून बाहेर काढली, ती गोष्ट माझीच. आजची ऐकून तुम्ही ‘काय थाप मारतोय!’ म्हणालात, तर मला फार बरं वाटेल. खरंच सांगतो.

तर आम्ही कपडे घ्यायला गेलो होतो.

दोन हजार सहाचा ऑगस्ट. मी आणि सुमंत. सुमंत म्हणजे माझा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला रूममेट; एका स्टोव्हवर चहा करण्यापासूनची दोस्ती. शिकारीच्या सामानाचं एक अवाढव्य दुकान, दारात पेंढा भरलेलं अस्वल. सुमंतला कोलोराडोच्या डोंगरात धनुष्यबाणानं एल्कची शिकार करायची होती. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. सप्टेंबरात त्याचा नर माजावर येतो आणि शीळ घालतो. शीळ कसली, विहिरीत पडलेल्या बाईनं किंकाळी फोडावी तसा आवाज. तो हुबेहूब काढला की दुसरा नर भांडायला धावून येतो. सुमंतला ते जन्मात जमलं नाही. त्याची शीळ शेवटच्या सुरावर चिरकायची, फुटक्या शिट्टीच्या कुकरसारखी. आणि मी? मंडळाच्या गणपतीत कोल्हा, मोर, रेल्वे, सगळं मूठ तोंडाशी धरून काढणारा. म्हणून मला आमंत्रण. धनुष्य त्याचं, गळा माझा.

“सुती काही घ्यायचं नाही,” सुमंत म्हणाला. “आतलं बनियनसुद्धा नाही. ओलं झालं की वाळत नाही, डोंगरावर गारठून मरशील.”

मग त्यानं एक बाही माझ्या कानाशी चोळली. “ऐक. हा नायलॉन, सारखा बोलतो.” दुसरी चोळली. “ही लोकर. काही ऐकू आलं?”

“नाही.”

“हे पाहिजे. वेल्क्रो तर नकोच. नुसता खिसा उघडलास तरी सगळा डोंगर जागा होईल.”

मी पानाफांद्यांचं सुरेख चित्र असलेला एक शर्ट उचलला. त्यानं तो परत टांगला. “जवळून छान दिसतं. लांबून त्याचा एकच काळा डाग होतो, माणसाएवढा. मोठे मोठे पट्टे हवेत, उजेड-अंधार, उजेड-अंधार. लपायचं म्हणजे झाड व्हायचं नसतं, गुरू. माणसाचा आकार मोडायचा असतो.”

“आणि रंग?”

“रंग त्यांना फारसे कळत नाहीत. वास कळतो.” त्यानं हातातली बाही नाकाशी नेली. “वास सगळ्यात आधी.”

त्या वर्षभरात त्याच्या घरातून वास नावाची गोष्टच गेली होती. अंगाला बिनवासाचा साबण, कपड्यांना बिनवासाचा साबण, दिवसातून तीनदा अंघोळ. चारुता, त्याची बायको, माझ्या बायकोला, शुभाला, फोनवर म्हणाली होती, “अगं, सगळे जुने कपडे टाकून दिले यानं. म्हणतो, माझा वास राहायला नको.” आम्ही हसलो. शिकारीचं वेड, दुसरं काय.

सुमंतनं स्वतःसाठी डोक्यापासून पायापर्यंत सगळं नवं घेतलं. मी पाकिटाला हात घालायला लागलो तर त्यानं मनगट धरलं. “तू कशाला घेतोस? माझं जुनं जॅकेट आहे ना. गेल्या वर्षी डोंगरावर घातलेलं.”

तेवढं एकच त्यानं टाकलं नव्हतं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड आवळून ठेवलं होतं. डाव्या मनगटाचं बटण कापडाच्या तुकड्यासकट उपटून आलेलं. फांदीत अडकलं, म्हणाला. “पिशवी तिथं पोचल्यावरच उघड. आणि काही झालं तरी धुवू नकोस हं.”

गेल्या वर्षी त्याच्याबरोबर प्रल्हाद गेला होता.

प्रल्हाद नागपूरचा. एकटा जीव, सगळ्यांना ‘बे’ म्हणणारा, आणि आमच्या घरी आठवड्यातून दोनदा आमटी-भाताला हजर. तुम्हाला माहीत आहे, आपल्या घरात फोडणी घालायच्या आधी कोटांचं कपाट लावून घ्यायचं असतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसात लिफ्टमधली माणसं नाकं मुरडतात. शुभा कपाट लावायला धावली की प्रल्हाद तिला अडवायचा. “राहू द्या वहिनी, उघडंच राहू द्या. ऑफिसात बसून भूक लागते तेवढीच.” त्याच्या कोटाला कायम शुभाच्या हिंग-लसणाचा वास. सुमंत त्याला त्यावरून फार बोलायचा.

कोलोराडोहून सुमंत एकटा परत आला. प्रल्हाद सकाळी एकटाच उत्तरेकडच्या उतारावर गेला, असं त्यानं शोधायला आलेल्या लोकांना सांगितलं. त्यांनी उत्तरेचा उतार पिंजून काढला. मग बर्फ पडला. काही सापडलं नाही. मंडळात शोकसभा झाली आणि सुमंत ढसाढसा रडला. मीच त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसलो होतो.

असो. आम्ही सप्टेंबरात निघालो. आयोवा, नेब्रास्का, सपाट आणि कंटाळवाणं. मग एकदम डोंगर. ॲस्पेनची पिवळीधमक पानं, त्यांच्यामधून काळे, देवदारासारखे स्प्रूस. दुपारी धुकं उतरायला लागलं. ट्रकच्या मागे उभा राहून मी पिशवी उघडली, आणि नाकात काय शिरलं असेल? हिंग! खरपूस लसूण! गोडा मसाला!

शुभानं जॅकेट धुतलं होतं. दुसऱ्याचं वापरलेलं, मातीनं बरबटलेलं जॅकेट ती घरात तसंच राहू देईल होय? धुतलं, कोटांच्या कपाटाच्या दाराला वाळत टाकलं, आणि मला न सांगता परत पिशवीत भरलं. मला हसू फुटलं. सुमंतला सांगितलं असतं तर त्यानं तिथंच मला ट्रकमध्ये बसवून ठेवलं असतं. त्यानं तर बुटांवर एल्कचं मूत ओतून घेतलं होतं. त्या दर्पात त्याला शेजारचं काय कळणार! मी गुपचूप जॅकेट चढवलं.

आम्ही दक्षिणेकडे चढलो. उत्तरेकडे नव्हे, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

एका आडव्या पडलेल्या स्प्रूसपाशी त्यानं मला बसवलं. “पाठ खोडाला लाव. हलू नकोस. मी पुढे आहे, हाकेच्या अंतरावर. तू शीळ घालत राहा.” मग वाकून, अगदी कानाशी म्हणाला, “काहीही झालं तरी माझं नाव घ्यायचं नाही. कळलं?”

“का रे?”

“एल्क बिथरतो.”

तो चार पावलं गेला आणि नाहीसा झाला. कपडे खरंच चांगले निवडले होते त्यानं.

मी मूठ तोंडाशी धरून शीळ घातली. धुक्यात ती लांब गेली, कशावर तरी आपटली, परत आली. पुन्हा घातली. पाखरं गप्प झाली. ॲस्पेनचं पान वारा नसतानाही थरथरतं म्हणतात. ती थरथरसुद्धा थांबली. ओल्या मातीचा वास होता, कुजक्या लाकडाचा होता, आणि मग तोही नव्हता. नाकापुढून कुणी जगच पुसून टाकावं तसं.

मग धुक्यात काहीतरी उजेड-अंधार, उजेड-अंधार झालं.

मी डोळे ताणून पाहिलं. डोकं कुठं संपतं, खांदा कुठं सुरू होतो, काही लागेना. नुसते पट्टे. झाडामागून झाडापुढे येणारे, आवाज न करता. एक बाजू घसटत येत होती, पाय ओढल्यासारखी. मी म्हटलं, सुमंतच चेष्टा करतोय.

डाव्या मनगटाला गार स्पर्श झाला. फाटलेल्या बटणाच्या जागी बोटं बरोब्बर बसली. किल्ली कुलपात बसते तशी. फांदी कसली! ती जागा बोटांनीच ओरबाडलेली होती.

“सुमंत…” आवाज कानाशी नव्हता, कॉलरमध्ये होता. “पाय मोडला ना बे… थांब म्हटलं तर… गेला तू…”

सुमंत एवढी वर्षं माझा मित्र होता, हे मी त्या क्षणी भूतकाळात म्हटलं. म्हणून जॅकेट धुवायचं नव्हतं. त्याचा सगळा वास त्यात जपून ठेवलेला आणि स्वतःचं अंग घासून घासून कोरं केलेलं. शीळ घालून बोलवायचं मी, त्याच्या जागी सापडायचं मी, आणि नाव त्याचं घ्यायचं नाही. दुकानात माझ्या कानाशी बाही चोळत होता ना, तेव्हाच ठरलं होतं सगळं. बकऱ्याला लोक निदान हार तरी घालतात.

कॉलरपाशी श्वास ओढल्याचा आवाज आला. एकदा. मग थांबून पुन्हा, लांब, पोटापर्यंत.

बोटं सैल झाली.

“वहिनीची आमटी…” ते म्हणालं. आणि मग, लहान मूल चुकीच्या घरात शिरल्यावर म्हणतं तसं, “हा नव्हे.”

पट्टे माझ्यावरून पुढे गेले. हाकेच्या अंतराकडे.

बराच वेळ काही नाही. मग सुमंतचा आवाज, दबका, घाईचा. “गुरू… शीळ घाल ना. गुरू, ऐकतोयस ना? त्याला तिकडे बोलाव… अरे, शीळ घाल रे…”

माझी मूठ तोंडाशीच होती. ती तिथंच राहिली. भीतीनं म्हणा, कशानं म्हणा.

एक शीळ आली मग. शेवटी चिरकलेली.

अंधारून यायच्या सुमाराला सुमंत धुक्यातून उतरून आला. डावा पाय किंचित ओढत होता. माझ्या पापण्यांवरसुद्धा दव होतं. त्याचे कपडे कोरडे खडखडीत. “काय बे,” म्हणाला, “गारठला का?”

ट्रकमध्ये शेजारी शेजारी बसलो. बुटांवरच्या त्या मुताचा दर्प आता मुळीच येत नव्हता. कशाचाच येत नव्हता. नेब्रास्का अर्धं संपेपर्यंत मी दात आवळून बसलो, मग राहवेना.

“सुमंत, मला तिथं का बसवलंस? इतक्या जणांत मीच का?”

त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. चेहरा सुमंतचाच, चष्मासुद्धा त्याचाच.

“मी नाही बसवलं बे तुला,” तो म्हणाला. “चहाला थांबायचं का?”

आता वर्ष झालं. तुम्ही सगळे त्याला भेटता. मंडळात हल्ली तोच सगळ्यांचा लाडका. चारुता सांगते, “किती मोकळा झालाय हो! मागून मागून जेवतो, हसतो.” शुभाला तो कॉलेजापासून ‘ए शुभा’ म्हणायचा, हल्ली वहिनी म्हणतो. तिला ते आवडतं. माझं काय म्हणाल, तर एक गोष्ट गिळता येत नाही. ज्यानं दगा दिला त्याची कॉलर धरून ‘का रे?’ विचारायचं होतं मला. कॉलर रोज समोर येते. आत तो नाही.

गेल्या आठवड्यात तो आमच्याकडे जेवायला आला होता. संध्याकाळची वेळ, बाहेर तळ्यावरून धुकं. पानं वाढून झाल्यावर शुभानं वरून घालायच्या फोडणीचं तेल तापवलं आणि कपाट लावायला धावली.

“राहू द्या वहिनी,” तो म्हणाला. “उघडंच राहू द्या. ऑफिसात बसून भूक लागते तेवढीच.”

शुभाच्या हातातली पळी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे पाहिलं. मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि तेवढ्यात मागच्या झाडीतून, तळ्याच्या पलीकडून आवाज आला. एल्कची शीळ. आमच्या ईडन प्रेरीत, जिथं हरणापेक्षा मोठं काही फिरकत नाही. आणि शेवटच्या सुरावर ती चिरकली. फुटक्या शिट्टीच्या कुकरसारखी.

पुन्हा आली. थोडी जवळून.

माझी मूठ आपोआप तोंडाकडे गेली. मनगटावर गार बोटं पडली. आमटीच्या वाटीवरून हात लांब करून त्यानं मला धरलं होतं. घास तसाच तोंडात होता. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत मला भीती दिसली.

“उत्तर देऊ नको बे,” तो म्हणाला.

मी अजून दिलेलं नाही. ते जुनं जॅकेट कपाटात आहे. शुभा आता ते धुवायला मागत नाही. शीळ रोज धुक्याबरोबर येते, काल तर अंगणातल्या मेपलपाशी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा शेवटचा सूर जमत आलाय.