बिनडोळ्यांची नायिका

ध्रुव आणि माझं जमलं. — हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. अजून काहीच जमलेलं नाही. आत्ता मी लालबागमध्ये, गणपतीच्या कारखान्याच्या दारात, भुरभुरत्या पावसात, हातात ओला उंदीर घेऊन उभी आहे.

"मॅडम, धरा जरा—" एवढंच म्हणून एका तरुणाने तो मला दिला होता आणि दोन्ही हातांनी घसरणारा गणपती सावरला होता. उंदीर शाडूचा होता. तरी ओळख नसताना देण्यासारखी ती वस्तू नव्हे.

"मला शाळेत जायचंय," मी म्हटलं.

"जा ना. फक्त उंदीर ठेवून जा."

ठेवायला जागा शोधताना भिंतीवर चिकटवलेली चित्रं दिसली. चौकटीत भांडणारी माणसं, चौकटीबाहेर आलेले हात... मी नववीला मराठी शिकवते. अभ्यासाला शंभर वर्षांपूर्वीची एक कादंबरी आहे. तिचं पहिलं वाक्य संपेपर्यंत शेवटचा बाक झोपलेला असतो.

"मला एक कादंबरी चित्रांत काढून द्याल?"

"केवढ्या उंचीची?" त्याने विचारलं.

हा ध्रुव. मग रोज शाळा सुटल्यावर मी कारखान्यात गोष्ट सांगायची आणि त्याने काढायची.

"नायक नोकरीसाठी निघालाय. नायिका विहिरीवर उभी आहे. ती त्याच्याकडे बघते."

"कशी?"

"...अशी."

त्याच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. "परत बघा," तो म्हणाला. "मघाशी नीट दिसलं नाही."

आमचे मुख्याध्यापक हेमचंद्र सर. त्यांच्या मते चित्रं बालवाडीला. तरी त्यांनी एक तास दिला. "मुलांनी मूळ पुस्तक उघडलं तर चालू ठेवा. नाही तर बंद." बंद म्हणजे कारखान्यात जायचं कारणही बंद. हे मी सरांना सांगितलं नाही.

सर मागच्या बाकावर बसले. मी पानं वाटली. एक हात वर आला.

"बाई, हे सगळे आंधळे आहेत काय?"

मी पान बघितलं. नायिकेला डोळे नव्हते. नायकाला नव्हते. म्हशीलाही नव्हते. कारखान्यात डोळे सर्वांत शेवटी आखतात, तेही फक्त ध्रुवचे काका. ध्रुवचा हात सवयीने तिथे थांबला होता, आणि गठ्ठा सकाळी झेरॉक्सवाल्याकडून थेट वर्गात आला होता.

मागे सर खाकरले.

"मग ती रागाने बघतेय की रडत?" पहिल्या बाकावरच्या आरोहीने विचारलं.

"पुस्तकात लिहिलंय," मी म्हटलं.

आणि पुस्तकं उघडली. सगळी.

"रागाने रे! ओठ दाबलेत तिने."

"पुढचं वाच ना, डफर! पाणी आलंय डोळ्यांत."

"आलंय, पण पडत नाहीये! ते कसं काढायचं?"

शंभर वर्षांत त्या परिच्छेदावरून एवढी मारामारी झाली नसेल. घंटा झाली तरी कोणी उठेना. हेमचंद्र सर तर मान खाली घालून डोळे काढत होते. त्यांची नायिका तिरळी झाली होती, पण प्रेमात दिसत होती.

"चालू ठेवा," ते म्हणाले. "आणि खोडरबर आहे का?"

संध्याकाळी ध्रुव तोंड पाडून बसला होता. "डोळे राहिले म्हणून काका ओरडले. सॉरी मॅडम... बंद केलं ना?"

"चालू आहे. अख्खी कादंबरी काढायचीय. डोळे न काढता."

तो एवढा हसला की शेजारच्या गणपतीच्या सोंडेला रंग लागला. मग त्याने ब्रश खाली ठेवला.

"एक सांगू? बाकीच्यांचे सवयीने राहिले. तिचे... मुद्दाम."

"का?"

"काढायला घेतले की तुमचेच यायचे. वर्गाला कळलं असतं."

"आणि मला?"

"तुम्हाला कळावं म्हणूनच तर सांगतोय... तुम्हाला चालेल?"

"आधी 'तुम्ही' म्हणणं बंद कर."

"तुला... चालेल?"

"म्हशीचे काढ आधी, मग बघू," मी म्हटलं, आणि लगेच हो म्हटलं. म्हशीचं काम अजून बाकी आहे.

आता एकच अडचण आहे. कादंबरी दिवाळीपर्यंत संपेल, आणि घरी मी 'शाळेचं काम आहे' सांगून निघते. सबब अर्जदार नम्र विनंती करते की, सदर कादंबरीच्या दिवंगत लेखकांनी प्रस्तुत अर्जाची दखल घेऊन पुढील प्रकरणे विनाविलंब लिहावीत, व तीन प्रतींत शाळेच्या कार्यालयात स्वतः येऊन जमा करावीत.