मानाची बरणी

खाडीचं पाणी बियाण्यांच्या कोठाराच्या पायरीला लागलं होतं आणि होडी एकच होती. भरती वाढली की कोठार बुडणार, हे आता लहान पोरालाही कळत होतं. होडीत जेमतेम निम्म्या बरण्या मावणार. मग न्यायच्या कुठल्या? डोंगरावरच्या नव्या कोठारात जी वाणं आधीच पोचली होती ती सोडून बाकीची. पण यंत्रमानव ढब्बूने नेमका इथेच घोळ घातला.

"फक्त ९५ नंबर वर आहे," तो म्हणाला. "ती बरणी सोडा, बाकीच्या सगळ्या न्या."

कृत्तिका पटकन पुढे आली. ९५ म्हणजे तिच्या आईने आणलेलं शेवटचं भाताचं वाण. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"आत्या, याचं काहीतरी चुकतंय. १२ नंबर मी स्वतः वर ठेवून आलेय."

मृणालआत्या बियाण्यांची शास्त्रज्ञ. पण सकाळपासून ती नुसती पाण्याकडे बघत बसली होती. ती उठली. "ढब्बू, कसं केलंस ते दाखव बघू."

ढब्बूने एक बोट फळीवरच्या पहिल्या बरणीवर ठेवलं आणि दुसरं पडद्यावर, वरच्या कोठारातल्या पहिल्या नंबरावर. "दोन्ही नंबर सारखे, तर वाण दोन्हीकडे आहे, दोन्ही बोटं पुढे. इथला लहान, तर तो तिथे नाहीच. बरणी होडीत, इथलं बोट पुढे. तिथला लहान, तर तिथलं बोट पुढे. मागे वळायचं नाही, म्हणून काम झटपट होतं. असं होडीत जे जातं तो फरक-संच (इथे आहे, पण तिथे नाही असं सगळं)."

"मागे वळायचं नाही, ते कशाच्या भरवशावर?" आत्याने विचारलं.

"दोन्हीकडे चढता क्रम (लहान नंबर आधी, मोठा नंतर) आहे, या भरवशावर."

कृत्तिकाने फळीकडे पाहिलं. पहिलीच बरणी ९५ ची होती, हळदकुंकू लावलेली. नव्या बियाण्याला वर्षभर पहिला मान, ही इथली रीतच होती.

"अगं आत्या, ९५ शोधता शोधता याचं वरचं बोट पार टोकाला गेलं. १२ मागेच राहिला. मग याला वाटलं, तो नाहीच."

तिने बरणी उचलून तिच्या जागी, शेवटी नेऊन ठेवली. बाकीचं चुकलं तसं ९५ चंही चुकलेलं असू दे, असं तिला फार वाटत होतं.

ढब्बूची बोटं पुन्हा चालली. १२ आता दोन्हीकडे निघाला. आणखीही बरेच निघाले. उरलेल्या बरण्या होडीत बरोबर मावत होत्या. शेवटी दोन्ही बोटं एकदमच थांबली.

"९५. दोन्हीकडे आहे."

"तुझ्या आईनेच निम्मं वर पाठवलं होतं," आत्या हळूच म्हणाली.

कृत्तिका रडली. होडीत एका बरणीपुरतीसुद्धा जागा नव्हती. तिने बोटाने बरणीवरचं कुंकू पुसून घेतलं आणि होडीत बसली. वर पोचल्यावर तिला ते दुसऱ्या ९५ ला लावायचं होतं.